बंद घरात कोण येतं

६ जानेवारी, सोमवार

ग्रामपंचायतीतल्या नोकरीवरून संध्याकाळी घरी आले. कुलूप मी लावलं होतं तसंच होतं. आत गेले तर माठावरचा पेला ओला. सकाळी तो पुसून पालथा ठेवला होता. डिंपलचा लाल फ्रॉक दोरीवर वाळत घातला होता, तो घडी होऊन खाटेवर. बाह्या आत दुमडलेल्या, कडेला कड बरोबर. कापडाच्या दुकानात काम करणारा माणूस करतो तशी घडी.

अशी घडी मी सासरी, नवऱ्याच्या हातची, रोज पाहिली आहे.

पोळ्याच्या आधी मी माझ्या पोरीला, डिंपलला घेऊन धामणगाव बढ्याहून निघून आले. धम्मदीप दुकानात जाताना मला आत ठेवून बाहेरून कडी लावायचा. संध्याकाळी येऊन उघडायचा आणि दिवसभर कोण आलं होतं ते विचारायचा. मारायचा ते वेगळंच. मारापेक्षा मला त्या कडीचा आवाज जास्त आठवतो. आता इथं वरवट बकालला, बाबांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या दोन खोल्यांत राहते. नागसेनदादानंच दिल्या. तो आणि माय पलीकडच्या गल्लीत असतात. तेवढाच आधार.

दादाला पेल्याचं आणि फ्रॉकचं सांगितलं. तो म्हणाला, घाईत तूच घडी केली असशील.

केली असेन का?

९ जानेवारी, गुरुवार

दार आतून लावून घेतलं आणि मगच वही उघडली.

भांड्यांच्या फळीवर आमच्या लग्नाचा फोटो ठेवलेला होता. फ्रेमसकट. हा फोटो मी आणलेलाच नाही. मी निघाले तेव्हा एका पिशवीत डिंपलचे कपडे आणि माझी कागदपत्रं, एवढंच होतं. फोटो त्याच्या घरात भिंतीवर होता. तो चालत आला का?

दादाला बोलावलं. त्यानं फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "तूच आणला असशीन शीला. त्या दिवशी तू भानावर नव्हती."

त्याला घेऊन ठाण्यात गेले. जमादार चांगले बोलले. त्यांनी विचारलं, कुलूप तुटलं का? नाही. किल्ली कुणाकडं? एक माझ्याकडं, एक दादाच्या घरी खिळ्याला. काय गेलं? काही गेलं नाही. मग ते पेन खाली ठेवून म्हणाले, "बाई, घरातून वस्तू गेली तर मी लिहून घेतो. घरात वस्तू आली, याची तक्रार कशी लिहू? काहीतरी दाखवा मला." दादा मान खाली घालून बसला होता. माझ्यामुळं त्याला लाज वाटली असणार.

खामगावच्या वकील मंजुश्रीताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कॅमेरा लावा. दुकानातला बसवणं मला परवडणारं नाही आणि बसवायला माणूस आला की गावभर होईल. दादाला विचारलं तर तो एकदम चिडला. म्हणाला, "कॅमेरे लावाले आपण काय बँक हाय? माह्या पोरीच्या लगनाचं पाहून राह्यलो मी. पाहुणे आधीच विचारते, आत्या माहेरी काऊन."

त्याचंही बरोबर आहे. तरी झोप येणार नाही.

११ जानेवारी, शनिवार

दादाला न सांगता केलं. पहिल्यांदाच.

क्लासमधले कॉम्प्युटर बाबा गेल्यावर भंगारात गेले. एक राहिला होता, मागच्या खोलीत, कापसाच्या जुन्या पोत्याखाली. डबा उघडला तर आत धुळीची चादर आणि पंख्यात कोळ्याचं घर. रंगाच्या ब्रशनं सगळं झाडलं. सुरू केला तर नुसता बीप वाजला. मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासून परत बसवली, बाबा करायचे तसं, आणि पडदा उजळला. मी रडलेच.

जुनी प्रणाली इतकी मंद की चहा होईल तोवर एक खिडकी उघडायची. ती पुसून टाकली आणि ऑफिसातून पेन ड्राइव्हवर आणलेली हलकी, फुकट मिळणारी टाकली. तिच्यावर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. कॅमेऱ्यासमोर काही हललं तरच ते त्या दिवसाच्या तारखेचा कप्पा, म्हणजे फोल्डर, करून त्यात चित्र आणि आवाज साठवतं, नाहीतर गप्प बसतं. कॅमेरा म्हणजे कोरोनात ऑनलाइन वर्गासाठी घेतलेला वेबकॅम.

मोबाइलचं इंटरनेट जोडून सगळं बसवलं आणि डिंपलला खोलीत चालायला सांगितलं. ती चालली नाही, नाचली. मग आजच्या तारखेचा कप्पा उघडला तर त्यात ती नाचत होती. किती महिन्यांनी ती अशी हसली.

१२ जानेवारी, रविवार

वेबकॅम झरोक्यात बसवला, पुढं जुनी चाळणी टेकवली. दार, खाट, शेगडी, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं दिसतं. वायर पत्र्याच्या कडेनं मागच्या खोलीत नेली. कॉम्प्युटर परत पोत्याखाली, पंख्याला हवा मिळेल असा. मॉनिटर काढून ठेवला. बघणाऱ्याला भंगारच वाटेल.

रात्री मेन स्विच बंद करायचा आणि सकाळी ऑफिसला निघताना चालू करायचा. जुनं यंत्र आहे, दिवसरात्र चालवलं तर जळेल.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सोजराकाकूंनी शेजारून तीळगूळ दिला. मागच्या दाराशी डिंपलला मांडीवर घेऊन म्हणाल्या, तुझ्या घरात दुपारी कुणी असतं का गं, आवाज येतो. मी विचारलं, कुणाचा? त्या म्हणाल्या, तुझ्या भावासारखा वाटला. तो अधूनमधून नळाचं पाहायला येत असेल, मी म्हटलं.

संध्याकाळी मॉनिटर जोडून आजचा कप्पा पाहिला. कप्पाच नाही. कालचाही नाही. म्हणजे कॅमेऱ्यापुढं काहीच हललं नाही.

डिंपलच्या केसांत नवी क्लिप आहे, फुलपाखराची. कुणी दिली विचारलं तर म्हणाली, मामानं. त्याला पोरीची आठवण असते, बरं वाटलं.

१६ जानेवारी, गुरुवार

दार उघडलं आणि गॅसचा भपकारा आला. डिंपल माझ्या आधी आत पळाली होती. तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. शेगडीचं बटण पूर्ण उघडं. दिव्याचं बटण दाबायला मी हात वर केलाच होता. तसाच खाली घेतला.

सोजराकाकू धावत आल्या. त्यांनी खिडक्या उघडल्या आणि सिलिंडर बंद केला. सगळी गल्ली जमली. कुणीतरी मागून म्हणालं, अशा बाईच्या भरवशावर लेकरू कसं ठेवावं.

सकाळी मी चहा केला, हे आठवतं. बटण बंद केलं, हेही आठवतं. पण फोटो आणला नव्हता हेही मला आठवतच होतं.

कॅमेऱ्याचा आजचा कप्पा नाही. सगळं जोडलेलं आहे, हिरवा दिवा लागतो, आणि काही नाही. म्हणजे घरात कुणी आलंच नाही. म्हणजे बटण मीच उघडं ठेवलं. माझ्याच पोरीला मी आज

१७ जानेवारी, शुक्रवार

काल पुढं लिहवलं नाही.

दादा आणि माय आले होते. माय माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. दादा म्हणाला, खामगावला डोक्याचे डॉक्टर आहेत, नाव घालून ठेवतो. मग हळूच म्हणाला, धम्मदीप बाजारात भेटला होता. दारू सोडली आहे, पोरीच्या आठवणीनं रडत होता. "माणूस बदलते शीला. तू एकटी हे निभावू शकत नाही. पाहून राह्यली ना तू सोताच?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार?

डिंपल झोपताना म्हणाली, "मम्मी, आपल्या उशीले पप्पाचा वास येते." मी तिच्यावर ओरडले. मग उशी नाकाशी धरून पाहिली. मलाही आला. डोकं फिरलं की वासही येतात म्हणे.

२१ जानेवारी, मंगळवार

मंजुश्रीताईंशी बोलले. डॉक्टरांकडं जाणार आहे हे सांगितलं. त्या म्हणाल्या, आजार असेल तर जरूर जा, त्यात लाज नाही. पण मला एक सांगा, डॉक्टरांकडं नेण्याची घाई कुणाला आहे? तुमच्या नावावर तसा कागद झाला तर पोरीचा ताबा मागायला तुमच्या नवऱ्याला दुसरं काही लागणार नाही.

मी म्हटलं, दादाला घाई आहे, तो माझ्या काळजीनं करतो. त्यांनी परत विचारलं नाही.

रविवारी दादानं चार मोठ्या माणसांना बोलावलं आहे. धम्मदीपही येणार. जावं का परत? तिथं निदान मला वेड लागलं नव्हतं. कडी बाहेरून होती, पण कडी लावणारा कोण ते कळत होतं.

२३ जानेवारी, गुरुवार

काही नाही. स्वयंपाक केला. बटण तपासलं. परत उठून तपासलं. परत.

२४ जानेवारी, शुक्रवार

नीट, क्रमानं लिहिते.

दुपारी ऑफिसची लाइन गेली म्हणून घरी आले. डोकं दुखत होतं. हे यंत्र काढून टाकावं, त्याच्याकडं पाहिलं की मला माझं वेड दिसतं, असं वाटलं. बंद करायच्या आधी मॉनिटर जोडला. पडद्यावर सूचना होती की डिस्क भरत आली.

मी पाहतच राहिले. काहीच साठवलं नाही तर भरली कशानं? आणि मी स्वतः रोज त्याच्यापुढून जाते, मग माझं तरी चित्र का नाही, हे मला इतके दिवस सुचलंच नव्हतं.

कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. १ जानेवारी २००९. मग कळलं. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेलेला आहे. रोज रात्री मी मेन बंद करते आणि यंत्र तारीख विसरतं. सकाळी ते पुन्हा २००९ सालात जागं होतं. पहिल्या दिवशी इंटरनेट जोडलेलं होतं म्हणून तारीख बरोबर होती. बाकीचे सगळे दिवस एकाच कप्प्यात, एकाच खोट्या तारखेखाली, एकावर एक पडले होते.

कप्पा उघडला. मी डिंपलची वेणी घालताना. मांजर. पडदा. मग दार उघडताना दादा.

नागसेनदादा कुलूप काढून बाजूला झाला आणि त्याच्या मागून धम्मदीप आत आला. दादानं माझ्या माठातून त्याला पाणी दिलं. तो खाटेवर बसून रडला आणि दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जाताना धम्मदीपनं खिशातून फुलपाखराची क्लिप काढून दादाला दिली.

पुढच्या एका फाइलीत धम्मदीप एकटा. किल्ली त्याच्याकडं. माझ्या उशीवर डोकं ठेवून पडला. उठला, साड्यांवरून हात फिरवला. मग शेगडीशी वाकला. बटण फिरवलं. थोडा वेळ उभा राहिला, नीट पेटत्या शेगडीकडं पाहावं तसा. खिडकी लावून घेतली आणि गेला.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहिते. आनंद झाला. मी वेडी नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं. मग दादाचा चेहरा परत समोर आला आणि मी तिथंच जमिनीवर बसले.

आणखी एका फाइलीत दोघं बोलत होते. खाटेवर मेथीची जुडी दिसत होती. ती सोजराकाकूंनी मला आज सकाळीच दिली. म्हणजे हे आजचं, मी यायच्या थोडं आधीचं.

धम्मदीप म्हणत होता, "उद्या सकाळची शाळा हाय. पोरीले मी गाडीत घालतो. मंग थे आपोआप येते मांगं मांगं."

दादा म्हणाला, "रविवारी बैठक हाय ना? तवर थांब ना."

"बैठकीत थे नाही म्हणून देईन. तू फकस्त शाळेत सांगून ठेव."

दादा दाराकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा म्हणून सांगतो मी. पोट्टीले हात लावजो नको पण."

सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं. मंजुश्रीताईंना मोबाइलवर पाठवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, आत्ता ठाण्यात जा, भावाला कळू देऊ नका. सोजराकाकू सोबत आल्या. जमादारांनी दोनदा पाहिलं. या वेळी पेन त्यांनी खाली ठेवलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

डिंपलला सोजराकाकूंच्या घरी ठेवलं. ती विचारत होती, शाळा का नाही. पोट दुखतं ना तुझं, मी म्हटलं. ती म्हणाली, नाही दुखत.

मी शाळेत गेले. मोठ्या बाई, अन्नपूर्णाबाई, म्हणाल्या की मामा काल येऊन सांगून गेले, आज पोरीला लवकर न्यायचं आहे. त्यांना सगळं सांगितलं. जमादार आणि एक शिपाई त्यांच्या खोलीत बसले. मी फाटकाशी उभी राहिले.

गाडी आली. आधी दादा उतरला. मला पाहून जागच्या जागी थांबला. धम्मदीप मात्र हसत पुढं आला. इस्त्रीचा शर्ट, केस नीट. जमादार बाहेर आले तसं त्यांना नमस्कार करून म्हणाला, "साहेब, बाईले भास होते. घरात गॅस उघडा टाकते. मी सांगतो म्हणून नाही, तिच्या सख्ख्या भावाले विचारा."

सगळे दादाकडं पाहू लागले. अन्नपूर्णाबाई, शिपाई, गाडीचा ड्रायव्हर. मी पण. तेव्हाही मला आशा होती.

दादा खाली पाहून म्हणाला, "हो. होते तिले भास."

मी रडले नाही. जमादारांना म्हटलं, याला गॅसचं तेवढं दाखवा. त्यांनी मोबाइल दादाच्या पुढं धरला. दादानं पाहिलं. धम्मदीप वाकतो, बटण फिरवतो, उभा राहतो, खिडकी लावतो. दादानं मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, परत पाहिलं. मग शाळेच्या ओट्यावर बसला. बसला म्हणजे कोसळलाच.

"हे तू मले सांगतलं नव्हतं," तो धम्मदीपला म्हणाला.

धम्मदीप काहीतरी बोलायला लागला, पण शिपायानं त्याच्या दंडाला धरलं होतं. जाताना त्यानं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला ओळखीची आहे. जामीन होईल, मंजुश्रीताईंनी आधीच सांगितलं आहे. म्हणजे हे संपलेलं नाही.

घरी येऊन नवं कुलूप लावलं. आतून कडी लावली, उघडली, परत लावली.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन होतं. पोरीला घेऊन गेले आणि लगेच आले.

माय आली होती. दारातच उभी राहिली. तिला कुणी काय सांगितलं माहीत नाही, पण सगळं माहीत होतं. म्हणाली, "धम्मदीपचं तू काय करायचं थे कर. पण माह्या नागसेनचं नाव त्याच्यातून काढून टाक. त्याच्या पोरीचं लगन मोडंन. मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?"

मी म्हटलं, माय, गॅसच्या दिवशी डिंपल माझ्या आधी आत गेली होती.

ती म्हणाली, "पण वाचली ना."

पाणी दिलं, ते न पिता गेली. या घरात माझी माणसं येतात आणि मीच परकी होते.

२७ जानेवारी, सोमवार

मंजुश्रीताईंना विचारलं, दादाचा तुकडा काढता येईल का. त्या म्हणाल्या, येईल. पोरीला पळवून न्यायचं बोलणं त्याच तुकड्यात आहे. तो काढला तर उरतो फक्त एक नवरा, बायकोच्या घरात येऊन गॅसचं बटण विसरलेला. शिवाय तुकडा काढला की बाकीच्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. तारीख २००९ दिसते, ते आधीच विचारतील. बरं झालं, चित्रात भिंतीवरचं यंदाचं कॅलेंडर दिसतं.

कोर्टात मूळ फाइलीच धरतात, म्हणून उद्या यंत्रच ठाण्यात जमा करायचं आहे. आहे तसं.

संध्याकाळी त्याच्यासमोर बसले. दादाचा चेहरा असलेल्या फाइलीवर बोट ठेवलं. एक कळ दाबायची, एवढंच. लहानपणी तापात मला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत गेलेला तोच हा. त्या दाराशी उभा राहून "मामा म्हणून सांगतो मी" म्हणणाराही तोच. दोघांतला एकच ठेवता आला असता तर सोपं होतं.

दाबली नाही. मोठं धाडस केलं असंही वाटलं नाही. नुसतं आजारी वाटलं.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी ऑटो सांगितला होता. यंत्राच्या वायरी काढल्या आणि ते चादरीत बांधत होते, तेवढ्यात दारात सावली पडली. दादा होता. दाढी वाढलेली. आत आला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

त्यानं बोचक्याकडं पाहिलं.

"याच्यात मी बी हाय ना?"

मी म्हटलं, "हो."

"सगळं?"

"सगळं. मी काही काढलं नाही."

त्यानं गल्लीकडं एकदा वळून पाहिलं. मग विचारलं, "येऊ का आत?"

मी बाजूला झाले. त्यानं वाकून बोचकं दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि ऑटोपर्यंत नेलं. गल्लीतले लोक पाहत होते. सोजराकाकू डिंपलचा हात धरून उभ्या होत्या. डिंपल "मामा" म्हणून पुढं झाली, तर त्यांनी तिला धरून ठेवलं. तो तिच्याकडं वळला नाही.

रस्ताभर यंत्र त्याच्या मांडीवर होतं. खड्डा आला की तो त्याच्यावर हात ठेवायचा. मी समोर बसले होते. मला त्याला खूप काही विचारायचं होतं. किल्ली दिली तेव्हा काय वाटलं? मला डॉक्टरांकडं नेणार होतास, तेव्हा तुला माहीत होतं ना की मी बरी आहे? विचारलं नाही. उत्तर ऐकायची ताकद नव्हती.

ठाण्यात जमादारांनी पंचनामा केला. मग मॉनिटर जोडून पहिली फाइल लावली. दार उघडतं, एक माणूस कुलूप काढून बाजूला होतो. जमादारांनी तिथंच चित्र थांबवलं आणि नियमाप्रमाणं मला विचारलं, हा इसम कोण, तुम्ही ओळखता का.

मी पडद्याकडं बोट उचललं.

माझ्या मागून दादा म्हणाला, "मी हाय थो. तिले नका विचारू. लिहा, नागसेन, सख्खा भाऊ. किल्ली मीच देल्ली होती."

जमादारांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला आणि सांगत गेला, पहिल्यापासून, बाजारातल्या भेटीपासून. शाळेच्या फाटकात माझ्याबद्दल खोटं बोलला, तेही सांगितलं. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते.

परत येताना तो ऑटोत चढला नाही. म्हणाला, तू जा, पोरगी वाट पाहत असेल. मी थोडं पुढं गेल्यावर मागं वळून पाहिलं. तो रस्त्याच्या कडेनं चालत येत होता, हरभऱ्याच्या शेताशेतानं, हात मोकळे सोडून. ऑटोवाल्यानं वेग कमी करून विचारलं, थांबू का.

मी त्याला थांब म्हटलं नाही. चल, असंही म्हणवलं नाही. मग ऑटोवाला आपणच पुढं निघाला.